सोमवारपर्यंत

"सोमवारी सकाळी मोठे सर येतील, मग बघू," असं म्हणून शिकाऊ डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळला.

तिनं त्याची बाहीच धरली. "अहो, आज रविवार. तोपर्यंत अण्णांनी काढायचं कसं?"

कॉटवर तिचे वडील गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. एकदा शिडीवरून आपटले, तर उठून आधी अक्षर वाकडं आलं का ते बघितलं होतं. आता पोट ढोलासारखं फुगलेलं आणि ओठ कोरडे.

"आतड्याला पीळ पडला असावा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "पण मी एकट्यानं पोट उघडू शकत नाही, ताई. स्कॅनवाले उद्या येतात. दुसरे सर्जन परगावी गेलेत. मोठ्या सरांचा फोन बंद आहे. सगळे वॉर्ड आज माझ्या एकट्याच्या गळ्यात आहेत."

तो खोटं बोलत नव्हता. शनिवारी दुपारी अण्णांना आणलं आणि बाजार उठावा तसं रुग्णालय ओस पडलं. रक्त तपासायची खिडकी बंद. एकच नर्स इकडून तिकडे धावत होती, आणि कुणी हाक मारली की न बघताच "आले आले" म्हणत होती.

"आजारानं काय वार विचारून यायचं?" ती म्हणाली.

"चूक माझीच," अण्णा पुटपुटले. "मंगळवारी दुखायला हवं..." वाक्य तिथंच तुटलं. त्यांनी दातांत चादर धरली.

ती उठली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही इथंच बसा. मी घेऊन येते त्यांना."

"कुणाला?"

"मोठ्या सरांना."

ती गाडी चालवायला शिकवायची. गेल्या वर्षी मोठ्या सरांच्या बायकोला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळे घर ठाऊक होतं. रविवारचे रस्ते मोकळे होते, तरी प्रत्येक सिग्नल तिला मुद्दाम लाल झाल्यासारखा वाटत होता.

सर्जनच्या फाटकाबाहेर एक मोठी गाडी उभी होती. अंगणात भाड्याच्या खुर्च्या, बरीच माणसं. दोन मुलं चेंडू घेऊन पळत होती आणि एक बाई त्यांना दटावत होती. पायरीवर चहाचा मोठा थर्मास. तिचं डोकं तडकलं. इकडे माझा बाप तडफडतोय आणि यांची सहल निघालीय!

तिनं बेल दाबली, ती सोडलीच नाही.

सर्जनच्या बायकोनं दार उघडलं. डोळे सुजलेले. उशिरापर्यंत झोपली असेल.

"मॅडम, तुम्ही? अहो, आज आमच्याकडे..."

"मला सरांना भेटायचंय. आत्ता."

मागून सर्जन आला. दाढी वाढलेली, अंगात साधा सदरा. तिनं एका दमात सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढला.

"तुमच्या घरचं माणूस असतं, तर सोमवारपर्यंत थांबला असतात का?"

त्याच्या बायकोनं तोंड उघडलं, पण त्यानं हातानं तिला थांबवलं.

"उलट्या हिरव्या होतायत?" त्यानं विचारलं.

"हो."

"चला."

एक म्हातारा गृहस्थ पुढे आला. "अरे, सगळे खोळंबलेत. निघायची वेळ झाली."

"मी येईपर्यंत थांबा, काका," सर्जन म्हणाला आणि तिच्या गाडीत बसला.

"पाय जपून ठेवा," ती तुटकपणे म्हणाली. "शिकवायची गाडी आहे. तुमच्याकडेही ब्रेक आहे."

त्यानं पाय मागे घेतले. वाटेत अण्णांबद्दल विचारत राहिला: आधी ऑपरेशन झालंय का, लघवी होतेय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग खिडकीबाहेर बघू लागला.

तिला राहवलं नाही. "तुमचा कार्यक्रम बिघडवला. माफ करा हं."

"जरा जोरात घ्या," तो एवढंच म्हणाला.

पुढचं सगळं भराभर झालं. शिकाऊ डॉक्टरला जणू नवे पाय फुटले. भूल देणाऱ्या बाई घरून ओल्या केसांनीच आल्या. दार बंद झालं. ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसली, परत उठली. नवरा चहा घेऊन आला, तो हातातच गार झाला.

शेवटी सर्जन बाहेर आला. "पीळ सोडवला. आतडं काळं पडायला लागलं होतं, पण रंग परतलाय. उद्या उघडून उपयोग नव्हता."

ती काही बोलायच्या आत त्यानं बंद ठेवलेला फोन चालू केला, तो लगेच वाजला. "हो, झालं. आलोच. उजेड आहे तोवर निघू." शिकाऊ डॉक्टरची मोटरसायकल मागून घेऊन तो गेलासुद्धा.

"बघ, कसे पळाले," तिचा नवरा म्हणाला. "सहल चुकायला नको."

"जाऊ दे हो," ती म्हणाली. "आले, हेच खूप झालं."

सोमवारी सकाळी रुग्णालय गजबजलं. स्कॅनवाले आले, खिडक्या उघडल्या, अण्णांच्या कॉटभोवती डॉक्टरांचा घोळका जमला. अण्णांनी डोळे उघडले आणि समोरच्या पाटीवरचं 'शांतता' किती वाईट रंगवलंय ते सांगितलं. ती पोटभर हसली, मग रडली.

मग तिला कालचे आपले शब्द टोचू लागले. माफी मागायला ती सर्जनच्या खोलीकडे गेली. खोलीला कुलूप होतं. शिकाऊ डॉक्टर समोरून येत होता.

"सर अजून सहलीहून परतले नाहीत वाटतं?"

"कसली सहल?" तो थबकला. "मलाही आत्ताच कळलं, ताई. शनिवारी रात्री सरांच्या आई गेल्या. काल तुम्ही बेल वाजवलीत, तेव्हा ते त्यांना पोचवायला निघाले होते."