साडेतीन एकरांचं पुस्तक

ऑडिओबुक निवडणं म्हणजे समाज घडवणं, असं वाटूरच्या कल्याणरावांचं ठाम मत आहे. हे मत त्यांचं झालं ते कापूस वेचायला बायका मिळेनात, त्या आठवड्यात.

त्यांनी मोठा स्पीकर आणला आणि वेचणीच्या टोळीची मुकादम दैवशालाबाई, तिला विचारलं, "मोठ्यांसाठी कोणतं लावू?"

"खुनाचं लावा. किती तासांचं हाय?"

"अकरा."

"बराबर. रोज थोडं थोडं लावा, साडेतीन एकराला पुरंल. लेकरांना बांधावर मोबाइलवर राक्षसाचं लावून द्या. न्हाईतर घरी चला म्हणून पदर ओढतेत."

दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी हजर. संध्याकाळी खुनी सापडायच्या बेतात आला की कल्याणराव स्पीकर बंद करत.

"उद्या या, मंग कळंल."

"भाऊ, लई छळून राह्यले तुम्ही," म्हणत बायका जात आणि सकाळी त्यांच्या आधी रानात येत.

चौथ्या दिवशी लेकरं वेळेवर बांधावर येऊन बसली, पण रानात एकही बाई नव्हती. आवाज ऐकून तरी येतील म्हणून कल्याणरावांनी स्पीकर सुरू केला. बांधापलीकडून, शेजारच्या काकासाहेबांच्या कापसातून, दैवशालाबाईची हाक आली.

"भाऊ, जरा मोठ्यानं लावा की. वकील काय बोलला ते ऐकूच आलं न्हाई."

काकासाहेबांकडं स्पीकर नाही. दुपारचा चहा असतो.