ऐंशी किलो जादा

आरटीओतल्या साहेबांनी वजनकाट्याची पावती गटारातून उचलल्यासारखी दोन बोटांत धरली. "लष्कराच्या कागदावर जीपचं रिकामं वजन सोळाशे किलो. इथं सोळाशे ऐंशी. लिलावातून जीप आणलीत की भंगार?"

हिंदुरावांनी जीपमागचा लोखंडी रॅम्प दाखवला. बायकोचे पाय निकामी झाले होते. तिला डोंगरातल्या माहेरी न्यायचं म्हणून त्यांनी ही जीप घेतली होती, आणि तिची चाकाची खुर्ची वर चढावी म्हणून रॅम्प स्वतः वेल्डिंग करून बसवला होता. नोंदणी व्हायच्या आतच ती गेली.

"मग आता काय उपयोग त्याचा?" त्यांचे कागद करून देणारा एजंट हसला. "काका, समोर गॅसकटरवाला आहे. पाच मिनिटांत उडवतो. भंगारात चहापाणी सुटेल."

हिंदुरावांना दोघांचीही किळस आली. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेल्या माणसाला हे लोखंड कापायला शिकवत होते.

"रॅम्प राहणार. आहे ते वजन लिहा."

"तसं नुसतं लिहून भागत नाही," साहेब वैतागले. "माणसांसकट एकूण वजन किती चालेल, ते ठरलेलं असतं. गाडीच जड झाली की एक माणूस कमी करावा लागतो. सहाच्या पाच सीट होतील. चालेल?"

"माणूस कमी झालाच आहे, साहेब. तुमचं फक्त लिहायचं राहिलंय."

साहेबांनी खाली बघत सहाचा आकडा खोडला.

"मग काका," एजंटनं विचारलं, "कटरवाल्याला नको म्हणून सांगू?"