सातवी निवड

अमेरिकन फुटबॉलचे संघ पाळीपाळीनं कॉलेजातले नवे खेळाडू निवडत होते; सहा संघांचं निवडून झालं होतं. सातवी पाळी आपली, म्हणजे गॅरेटच्या संघाची. लिंडक्विस्टांच्या घरात टीव्हीचा आवाज अगदी बारीक होता आणि पडदे ओढलेले होते. बाहेर अजून ऊन होतं, पण गॅरेटला ते सोसत नव्हतं. तो संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातातून सुटायच्या आत त्याला आडवं करायला समोरचे धावून येत. गेल्या मोसमात त्यांनी त्याला एकसष्ट वेळा आडवं केलं. त्यात तीनदा डोकं आपटलं.

"या वेळी गॅरेटपुढे भिंत होऊन राहणारा रक्षकच घेतील," त्याचे वडील डेल म्हणाले. "छप्पर गळत असताना झुंबर कोण आणतं?"

"कॉलेजातली एवढी पोरं समोर आहेत, आणि पहिली निवड ढकलाढकली करणाऱ्यावर?" धाकटा कर्ट हसला. "बाबा, तिकीट काढून रक्षक बघायला कोणी जातं का? उंच उडून चेंडू झेलणारा घ्यावा. रक्षक काय, चौथ्या फेरीतही पोत्यानं मिळतात."

"गेल्या वर्षी पोत्यातलेच होते. बघ तुझ्या भावाकडे."

कर्टनं नजर टीव्हीकडे वळवली. काळ्या चष्म्याआडून गॅरेट म्हणाला, "भांडू नका रे. शेवटी ते... ते आपलं... काय म्हणतात त्याला..."

सगळे थांबले. शब्द आला नाही. त्यानं वेफर्सच्या वाडग्यात हात घातला.

"कर्टचं बरोबर आहे," गॅरेटची बायको नोरीन म्हणाली. "झेलणाराच घ्यावा."

तिघांनी वळून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण संघानं कोणाला घ्यावं यावर ती कधी चकार शब्द बोलली नव्हती.

"अगं, तुझ्याच नवऱ्याला वाचवायचं चाललंय!" डेल म्हणाले.

ती गॅरेटकडे बघत राहिली. दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तो दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीला किल्ली लावत पाच मिनिटं झगडला होता. मग आपल्या गाडीत येऊन बसल्यावर बऱ्याच वेळानं म्हणाला होता, "पहिल्या फेरीत दणकट रक्षक घेतला, तर खेळेन. नाही तर सोडलं. तुझी शपथ."

तेव्हापासून ती देवाकडे रोज एक झेलणारा मागत होती.

टीव्हीवर नाव पुकारलं गेलं. सेमिसी ताउफा. युटा विद्यापीठाचा. रक्षक.

तिथल्या गर्दीत बसलेल्या आपल्याच संघाच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. सव्वातीनशे पौंडांचा तो पोरगा मान खाली घालून मंचावर चढला. संघाची दिलेली टोपी त्याच्या डोक्यावर बसेना.

डेलनी टेबलावर मूठ आपटली. "झालं! वाचलो!" गॅरेट ताडकन उठला आणि खोली फिरायची थांबेपर्यंत सोफ्याची पाठ घट्ट धरून उभा राहिला. मग लहान मुलासारखा हसला.

"अजून दोन वर्षं, नोरीन! तीनसुद्धा!"

"हो," ती म्हणाली.

पंधरा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. तो वडिलांच्या गळ्यात पडला होता, म्हणून तिनं घेतला.

"मॅडम, मी सेमिसी," पलीकडचा आवाज दबकत म्हणाला. "सरांना सांगायचं होतं, मी आहे तोवर त्यांना कोणी हात लावणार नाही. आधी मला आडवं करावं लागेल."

"किती वर्षांचा आहेस रे तू?"

"एकवीस, मॅडम."

"आई आहे जवळ?"

"आहे ना, शेजारीच आहे." तो हसला. "मघापासून नुसती रडतेय."

फोन कानाला तसाच धरून नोरीन त्या बाईचं रडणं ऐकत राहिली.