दिवसांची वाटणी

"सहा दिवस इथे, चार तिथे," मोजणीदारांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "बरोबर बसतंय."

"कुणाला बरोबर?" बाईंनी विचारलं.

हॉटेलच्या खोलीत एकच टेबल होतं आणि त्यावर परक्या देशातली दोन जुनी शहरं पसरली होती. हे किल्ल्याचं, ते पुलांचं. मोजणीदारांचा जन्म भावाभावांच्या शेतात मोजणीची साखळी ओढण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी खोड जात नव्हती. तटबंदी दिसली की पावलांनी मोजायला लागायचे. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पुलांच्या शहरातले सातही पूल त्या पुस्तक न बघता फळ्यावर काढायच्या, कुठल्याला किती कमानी त्यासकट. प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता.

"मोजणीदाराच्या बायकोला नेहमी बांधाकडची पट्टी," त्या म्हणाल्या, पण हसून.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. एक रिंग, दुसरी, तिसरी अर्धी, आणि बंद.

तो बाईंच्या आईचा. रोज न्याहारीच्या वेळेला ती मिस्ड कॉल द्यायची. उचलायचा नाही. उठले, बरी आहे, एवढाच त्याचा निरोप. म्हातारीची नजर अधू. लाल बटण चाचपून सापडेपर्यंत दोन-तीन रिंगा जायच्याच. एकदा बाईंकडून चुकून उचलला गेला तेव्हा पलीकडे ती बटणालाच दटावत होती, "मेल्या, कुठं दडून बसलास?" त्यावर दोघं आठवडाभर हसली होती.

तिसऱ्या दिवशी बाई आंघोळीला गेल्या असताना मोजणीदारांना मेहुण्याचा फोन आला. आई पहाटे झोपेतच गेली.

मोजणीदार पलंगाच्या कडेवर बसून राहिले. निघताना सासूबाईंनी त्यांना दाराआड घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, "जावईबापू, मी पिकलं पान. माझं काही झालं तरी लेकीला अर्ध्या वाटेवरून फिरवू नका. तिचे पूल तिला बघू द्या." ते हो म्हणाले होते. आणि हद्दीचा दगड एकदा रोवला की हलवायचा नाही, या शिस्तीत त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

"हिला कळवायचं नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आईंच्या फोनवरून रोज रिंग देत जा. आम्ही येईपर्यंत."

मेहुणा म्हणाला, "देतो. पण भावजी, हे पाप तुमच्या माथ्यावर."

न्याहारीला बसले तोच बाईंचा फोन एक रिंग वाजला आणि थांबला. मोजणीदारांचा जीव भांड्यात पडला.

"बघ, उठल्या आई."

पावाला लोणी लावता लावता बाईंनी सुरी खाली ठेवली.

त्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. कॉफी गार म्हणून ढकलली. तटाच्या पायऱ्या उंच म्हणून चढल्याच नाहीत. मोजणीदार बुरुज मोजत असले की त्या पाठ करून उभ्या राहायच्या. संध्याकाळी एकट्याच बाहेर पडल्या, तासाभरानं डोळे लाल करून आल्या आणि वाऱ्यानं झालं म्हणाल्या. मोजणीदारांनी मनाशी ठरवलं, सहा-चारचाच राग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीही फोन एकच रिंग वाजला, थांबला. त्यानंतर किल्ल्याच्या दरवाजात, गाईड आणि दहा-बारा लोकांच्या देखत, बाईंचा बांध फुटला.

"वारसाला नोटीस दिल्याशिवाय जमिनीवर साखळी टाकता येत नाही, हे तुम्हीच सांगायचात ना? मग माझं काय ते परस्पर ठरवताना मला विचारलंत?"

"बरं बाई, पाच-पाच करू."

"तुमचे सहा तुम्हीच घ्या. मी निघाले."

मोजणीदार दुखावले. पण आतून त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोलणं जड जात होतं. त्यांनी बॅग उचलून तिला स्टेशनवर नेलं. गाडी सुटायच्या आधी बाईंनी खिडकीतून त्यांच्याकडे बघितलं. आता आवाजात राग नव्हता.

"मला सांगायचं काही राहिलंय?"

मोजणीदारांचे ओठ हलले. "स्वेटर घेतलास का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी काच लावून घेतली.

त्यानंतर दोन दिवस निरोप येत राहिले. 'पहिला पूल. नऊ कमानी.' 'चौथा पूल. मधली कमान रुंद, बाकीच्या सारख्या.' मोजणीदार रोज विचारायचे, आईंची रिंग आली का. उत्तर यायचं, 'आली.' रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते सासूबाईंना मनातल्या मनात सांगायचे, बघतेय हो, पूल बघतेय तुमची लेक. दिलेला शब्द पाळतोय मी.

आपले सहा दिवस संपवून ते पुलांच्या शहरात उतरले. हॉटेल नदीला लागूनच होतं. काउंटरवरच्या माणसानं बाईंचं नाव दोनदा शोधलं आणि मान हलवली. खोली राखून ठेवली होती, पण कुणी आलंच नाही.

मोजणीदार बॅगेवर हात ठेवून उभे असतानाच खिशातला फोन वाजला. नाव दिसत होतं, सासूबाई. त्यांनी थांबायची वाट पाहिली. एक रिंग झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. थांबेना, तेव्हा त्यांनी उचलला.

पलीकडे भरलेल्या घराची कुजबुज होती. मग बाईंचा आवाज आला, वर्गात हजेरी घ्यावी तसा सपाट.

"मी पोचले तोवर नेलं होतं तिला. तोंडसुद्धा दिसलं नाही."

"अगं, आईंनीच मला..." मोजणीदार म्हणाले.

"उभा जन्म लोकांचं मोजत फिरलात," बाई म्हणाल्या. "आईच्या रिंगा तेवढ्या कधी मोजल्या नाहीत."