दुसरी स्प्रिंग

आवाज झाला तेव्हा मार्लिस कॉफीचे मग विसळत होती. ठो करून एकच आवाज, समोरच्या आर्लेनच्या घरातून. हातातला मग सुटला. घरातल्या सपातांवरच ती बाहेर धावली आणि बर्फ तुडवत रस्ता ओलांडून गेली.

आर्लेनची बायको, आर्डिस, जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून तो फोन घेत नव्हता. चर्चच्या बायकांनी पोचवलेली हॉटडिशची, म्हणजे दुखवट्याच्या घरी पाठवायच्या भाजलेल्या जेवणाची, भांडी झाकण न काढता परत करत होता. आणि त्याच्या कपाटात हरणांच्या शिकारीची बंदूक होती. मार्लिसला दुसरं काही सुचलंच नाही.

तिने समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं. हा शुद्ध वेडेपणा होता. मिनेसोटात समोरचं दार नुसतं शोभेला असतं, सगळं येणंजाणं गाडीच्या गॅरेजमधून. थंडी पडली की लोक समोरच्या दाराला आतून प्लास्टिक चिकटवतात आणि मार्चपर्यंत विसरून जातात. इतक्या वर्षांच्या शेजारात मार्लिसने त्या दाराला कधी हात लावला नव्हता.

"आर्लेन! अरे आर्लेन!"

उत्तर नाही. मग गॅरेजची मोटर घरघरली. मोठं दार जेमतेम वीतभर वर गेलं, कण्हलं आणि तिथेच अडकलं. मार्लिस धावत तिकडे गेली आणि पालथी पडून खालून पाहू लागली. आत दोन बूट दिसत होते. बूट हलत होते.

"अरे मेल्या," तिला नीट श्वासही घेता येईना, "ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

"मार्लिस? तू जमिनीवर काय करतेयस?"

"तो आवाज कसला होता?"

"दार वर उचलणारी स्प्रिंग तुटली." बूट थोडे जवळ आले. "थंडीआधी दर वर्षी तेल घालायचो मी. आर्डिस स्टूल धरायची, आणि पडशील, पडशील म्हणून डोकं खायची. यंदा ती हॉस्पिटलात. राहून गेलं. तेल नाही, वर ही थंडी, मग तुटणारच की." तो थांबला. "तुला काय वाटलं?"

 मार्लिसला रडू फुटलं होतं आणि ते आत ऐकू जात होतं. आमच्याकडच्या माणसांना एकमेकांसमोर रडता येत नाही. मध्ये दार होतं ते बरंच झालं.

"हं," आर्लेन म्हणाला.

"मी माणूस बोलावते," ती नाक पुसत म्हणाली. "उद्या नवी बसवून देईल."

"तो दोन्ही बदलायला सांगेल. जोडी असते ती. इतकी वर्षं दोघींनी मिळून दार उचललेलं असतं. एक गेली की दुसरीचंही काही खरं नसतं."

"तू काय स्प्रिंग आहेस?" मार्लिस खेकसली.

 आत बूट वळले आणि दिसेनासे झाले.

"आर्लेन? कुठे चाललास? आर्लेन, इथे ये आधी!"

तिचे गुडघे गारठले होते, तरी ती हलली नाही. हाका मारत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बूट परत आले. वर कुठेतरी लोखंडी खटका वाजला आणि काहीतरी छोटंसं सिमेंटवर पडून घरंगळत गेलं. मग दाराखालून, दस्ता तिच्याकडे करून, हळूच बंदूक बाहेर सरकली.

शिकारीचा मोसम नोव्हेंबरातच संपला होता. मोसम संपला की बंदूक रिकामी करूनच घरात आणायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, कपाटात टाक," आर्लेन म्हणाला. "मी मागितली तरी देऊ नका. घाबरू नकोस, गोळी काढली आहे. आत्ताच काढली."

मार्लिसने बंदूक लांब ढकलली. बर्फावर आणखी पुढे सरकून तिने खांद्यापर्यंत हात दाराखाली घातला आणि त्याचा बूट घट्ट धरला.

"हात काढ, मार्लिस. दुसरी स्प्रिंग गेली तर दार अंगावर येईल."

"येऊ दे," ती म्हणाली.