हातभर फट

शिवणकाम करणाऱ्या काकू आणि त्यांच्या शेजारचे घड्याळ दुरुस्तीवाले काका, दोघंही आपापल्या घरात एकटेच. दोन घरांमधली भिंत जेमतेम वीतभर जाड, पण तिच्यापायी दोघं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. केस लागल्यापासून एकमेकांशी बोलणंही बंद.

शेवटी न्यायाधीशच कंटाळले. "ही भिंत पाडा. दोघांनी आपापल्या जागेत वेगळी भिंत बांधा, मध्ये हातभर फट सोडा. मिटला वाद."

दोन्ही वकिलांनी माना डोलावल्या.

"नाही चालणार," काका आणि काकू एकदमच म्हणाले.

"आता काय अडचण आहे?"

काकू जरा चाचरल्या. "सकाळी उठले की मी भिंतीवर कात्रीची मूठ आपटते, साहेब. यांनी पलीकडून उलट ठोकलं की कळतं, माणूस धड आहे. मध्ये फट आली तर ऐकू कसं जाणार?"

न्यायाधीशांनी काकांकडे पाहिलं. काका मात्र काकूंकडे वळले, केस लागल्यापासून पहिल्यांदाच.

"आज उशिरा वाजवलंत," ते म्हणाले. "मी चपला घालून निघालोच होतो तुमच्याकडे."