टोकाची चार झाडं

डाव्या ओळीतल्या शेवंतीच्या शेंड्यावर कळी दिसली आणि जास्मिनच्या हातातली वही खाली पडली.

कळ्या यायच्या होत्या त्या उजव्या ओळीत. संगमनेरच्या कॉलेजातल्या या पॉलीहाऊसमध्ये रात्रभर बल्ब जळत. रात्र लांब मिळाली तरच शेवंती फुलते. सतत उजेडात नुसती पानं काढत बसते. फुलण्याचा निरोप पानातून शेंड्याकडे कोणतं रसायन नेतं, हे जास्मिन तीन वर्षं शोधत होती. फुललेल्या झाडांच्या पानांचा रस ती उजव्या ओळीला टोचायची, डाव्या ओळीला साधं पाणी. परवा उजवीकडे कळ्या दिसल्या, तसा तिने पुण्याला आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सर आज दोन पाहुण्यांना घेऊन निघालेही होते.

आणि आता पाण्यावरच्या झाडांनाही कळ्या.

"मावशी, इथले बल्ब कुणी बंद केले होते का?"

झाडांची देखभाल करणारी रंगुबाई पदर खोचत पुढे आली. "न्हाई ताई. बल्बला मी हात बी लावत न्हाई." जरा थांबून म्हणाली, "नुसतं झाकत हुते. घरी जाताना वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा काळा कागद वरून टाकायचा, सकाळी तुमी यायच्या आदी काढायचा. महिना झाला. रातभर डोळ्यावर उजेड. झाडानं निजायचं कवा?"

जास्मिन होती तिथेच मातीत बसली.

"सगळीच झाकलीत?"

"टोकाची चार राह्यली. कागद पुरला न्हाई."

ती चार उजव्या ओळीतली होती. रस मिळालेली, अंधार न मिळालेली. जास्मिन गुडघ्यांवर सरकत तिथे गेली. चिमट्याने एकेक शेंडा उलगडून पाहू लागली. पान. आत पुन्हा पान. मग चौथं झाड. तिथेही पानच. म्हणजे कळ्या अंधाराने आल्या होत्या, रसाने नाही.

"माझं चुकलं का, ताई?" रंगुबाईने हळूच विचारलं. "ही चार उचलून मागं ठिवू का? पाहुनं येत्याल."

बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

"नको. राहू द्या."

सर हसतच आत आले आणि पाहुण्यांना घेऊन कळ्यांवर वाकले. जास्मिन उठली, हाताची माती तिने ओढणीलाच पुसली.

"सर," ती म्हणाली, "आधी ही चार बघा."